बंद पडलेली स्कूटर आणि उतावीळ किक

सुरतेच्या दक्षिण भागात, उधना स्थानकापासून जवळच, पांडेसरा ही औद्योगिक वसाहत आहे. कृत्रिम धाग्याच्या कापडाला रंग देणाऱ्या आणि त्यावर छपाई करणाऱ्या मिला येथे दाटीने उभ्या आहेत. त्यांच्या आसपासच्या वस्त्यांतून खानदेशातील असंख्य कुटुंबे राहतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडचा माणूस भुसावळहून येणाऱ्या गाडीने उधन्याला उतरतो, मिलमध्ये कामाला लागतो, आणि चार पैसे गाठीला बांधले की पुष्कळदा पहिली मोठी वस्तू घेतो ती जुनी अथवा हप्त्याची स्कूटर. ही चैन नव्हे. पाळी चुकली तर रोज बुडतो, आणि स्कूटर बंद पडली तर पाळी चुकते. अशा घरात बंद पडलेली स्कूटर ही सगळ्या कुटुंबाची अडचण असते.

म्हणूनच स्कूटर घरच्या घरी कितपत दुरुस्त करता येते, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे. बहुतेक लोक या बाबतीत दोन टोकांना असतात. काहीजण साधा प्लगही हाताळीत नाहीत आणि भर उन्हात गाडी ढकलीत गॅरेज गाठतात. काहीजण हाती पाना आला की जे सुटेल ते सोडवितात. यांपैकी दुसऱ्या वर्गाचे नुकसान अधिक होते. दुरुस्तीत हातापेक्षा डोके आधी चालावे लागते, आणि त्याला हत्यार लागत नाही.

पेट्रोलचे कोणतेही इंजिन चालावयास तीन गोष्टी लागतात. हवेत योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल, ते मिश्रण नेमक्या क्षणी पेटविणारी ठिणगी, आणि पेटण्यापूर्वी त्या मिश्रणावर पडणारा पुरेसा दाब. गाडी सुरू होत नाही याचा अर्थ या तिहींपैकी एक कोठेतरी अडली आहे, एवढाच होतो. ती कोणती, हे ओळखण्याचा पहिला उपाय म्हणजे गाडी बंद पडली तेव्हा कशी बंद पडली ते आठवणे. फुंकर मारताच दिवा जावा तशी ती एकाएकी थांबली असेल, तर दोष बहुधा ठिणगीकडे, म्हणजे विजेच्या बाजूला असतो. आचके देत, अडखळत, जणू दम लागल्यासारखी थांबली असेल, तर पेट्रोलची वाट तपासावी. आणि पूर्वी जी किक पायाला घट्ट लागत असे ती आता पोकळ लागते, पाय भसकन खाली जातो, असे असेल तर दाब गळतो आहे, आणि ते काम घरचे नव्हे.

पेट्रोलच्या बाजूने पाहताना आधी टाकीत पेट्रोल आहे की नाही हे झाकण उघडून डोळ्यांनी पाहावे. ही सूचना हास्यास्पद वाटेल; परंतु काट्यावर विश्वास ठेवून तासभर किक मारणारी माणसे थोडी नाहीत. टाकीच्या झाकणाला हवा आत जाण्यासाठी एक बारीक वाट असते. ती धुळीने बुजली तर पेट्रोल खाली उतरते तशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि थोड्या वेळाने पेट्रोल उतरेनासे होते. अशी गाडी दोन-तीन मैल नीट जाते, थांबते, मालक झाकण उघडून आत डोकावतो, तेवढ्यात हवा आत शिरते आणि गाडी पुन्हा सुरू होते. मालकाला वाटते की दोष आपोआप गेला. झाकण उघडताना हवा ओढल्याचा बारीक आवाज आला की रोग सापडला असे समजावे.

ठिणगी पाहण्यासाठी प्लग पान्याने काढावा. प्लग हा इंजिनचा जिव्हाप्रदेशच होय. वैद्य जसा जीभ पाहतो तसा मेकॅनिक आधी प्लगाचे टोक पाहतो. टोक फिकट तपकिरी असेल तर आतले ज्वलन ठीक आहे. कोरड्या काजळीने काळे झाले असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडते आहे. तेलाने चिकट असेल तर तेल जळते आहे. पुष्कळ किका मारूनही टोक अगदी कोरडे असेल, तर पेट्रोल तेथवर पोहोचतच नाही. उलट ते पेट्रोलाने ओलेचिंब असेल, तर पेट्रोल येते पण पेटत नाही. त्यानंतर प्लग त्याच्या टोपीत बसवून, त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला नीट टेकवून, रबरी टोपी कोरड्या हाताने धरून दुसऱ्या कोणाला किक मारावयास सांगावे. निळी, चटचट वाजणारी ठिणगी दिसली तर वीज ठीक आहे. प्लगाच्या रिकाम्या भोकापासून मात्र ही परीक्षा दूर करावी, कारण तेथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. तसेच प्लग धातूला न टेकविता टोपी अधांतरी ठेवून किक मारू नये. नव्या गाड्यांतील विजेची पेटी तेवढ्याने निकामी होऊ शकते.

येथे जुन्या आणि नव्या गाडीतील भेद लक्षात घेणे जरूर आहे. इटलीतील पियाजिओ कंपनीने १९४६ साली व्हेस्पा बाजारात आणली. तिचा रचनाकार कोराडिनो डास्कानिओ हा मूळचा विमानविद्येतील अभियंता. भारतात १९६० नंतर बजाज कंपनीने परवान्याने तीच गाडी बनविली आणि १९७२ पासून ‘चेतक’ रस्त्यावर आली. या गाड्यांचे इंजिन दोन फटक्यांचे. पेट्रोलमध्येच लिटरमागे सुमारे २० मिलिलिटर तेल मिसळावे लागे. तेल जास्त पडले की प्लग काजळे, सायलेन्सर कार्बनने चोंदे, आणि गाडी चढावर दम टाकी. गाडी एका बाजूला कलती करून मग किक मारण्याचा प्रघात एका पिढीच्या चांगलाच अंगवळणी पडला होता. या गाडीचा कोणताही भाग बाजूचे झाकण काढले की हाताशी येई, त्यामुळे घरोघरी थोडेफार मेकॅनिक तयार झाले. १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने गिअर बदलण्याचा त्रास संपविला आणि पुढे ॲक्टिव्हासारख्या चार फटक्यांच्या गाड्यांनी पेट्रोलात तेल मिसळण्याचा. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि नव्या पेट्रोल स्कूटरमधून कार्ब्युरेटरही गेला; त्याच्या जागी पेट्रोल फवारणारी, विजेच्या आज्ञेने चालणारी यंत्रणा आली. अशा गाडीत चावी फिरविताच टाकीतील पंपाची क्षणभर बारीक गुणगुण ऐकू येते. ती ऐकू आली नाही, किंवा इंजिनाच्या चित्राचा दिवा पेटून राहिला, तर घरी फ्यूज व बॅटरीची टोके पाहावीत आणि तेथेच थांबावे. जेटमध्ये तार घालून कचरा काढण्याची जुनी विद्या येथे उपयोगी पडत नाही.

पांडेसऱ्यासारख्या ठिकाणी हवेच्या फिल्टरकडे मात्र जुन्या-नव्या दोन्ही गाड्यांत अधिक लक्ष द्यावे लागते. मिलांचे बॉयलर कोळशावर चालतात, रस्त्यावर अवजड वाहनांची धूळ असते, आणि ती सगळी इंजिन नाकाने ओढून घेते. जुना स्पंजाचा फिल्टर धुऊन, वाळवून, तेलाचे बोट लावून पुन्हा बसविता येई. नव्या गाड्यांतील तेलकट लेपाचा कागदी फिल्टर धुवावयाचा नसतो, झटकावयाचा नसतो. मुदत संपली की बदलावयाचा असतो. धुऊन बसविलेला असा फिल्टर पैसे वाचवीत नाही. त्यातून आत गेलेली धूळ इंजिनच्या नळीला कानशीसारखी घासते.

आता पावसाळ्याकडे वळले पाहिजे, कारण या भागात स्कूटरवर येणारा सर्वांत मोठा प्रसंग तोच आहे. सुरतेत शहरातून वाहणाऱ्या मोठ्या ओढ्यांना खाडी म्हणतात. पांडेसऱ्याच्या बाजूला भेदवाडची खाडी आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर येऊन शहराचा फार मोठा भाग बुडाला, हे सर्वश्रुत आहे. परंतु तापी शांत असतानाही या खाड्या अतिवृष्टीने तुंबतात. जुलै २०२४ आणि जून २०२५ मध्ये सुरतेने हा अनुभव घेतला. पाणी रात्री चढते, जिन्याखाली लावलेल्या स्कूटरच्या आसनापर्यंत येते, आणि सकाळी ओसरते. मालक खाली येतो, गाडी पुसतो, आणि पहिली गोष्ट कोणती करतो, तर सुरू होते का ते पाहण्यासाठी जोराने किक मारतो, नाही तर बटण दाबतो. पुरापेक्षा अधिक नाश ही एक किक करते.

असे का होते, हे थोड्या हिशेबाने कळेल. लहान स्कूटरचे इंजिन सुमारे ११० घनसेंटिमीटरचे असते. त्यात आलेले मिश्रण दट्ट्या वर येताना दाबून नऊ-दहा पटींनी लहान करतो. म्हणजे दट्ट्या अगदी वर असता त्याच्या माथ्यावर उरणारी जागा केवळ १२ ते १४ घनसेंटिमीटर, एक मोठा चमचाभरही नव्हे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. फुग्यात हवा भरलेली सायकलची नळी बोटाने दाबता येते. पाण्याने गच्च भरून बूच मारलेली बाटली दाबता येत नाही. तेव्हा त्या जागेत मावणार नाही इतके, तीन चहाचे चमचे, पाणी फिल्टरच्या वाटेने आत शिरलेले असेल, तर वर येणारा दट्ट्या वाटेतच अडतो. पायाने मारलेली किक अशा वेळी नुसती अडून राहिली तर नशीब म्हणावे. पण एखादा फटका पेटून इंजिन फिरू लागले आणि मग पाणी आत ओढले गेले, तर दट्ट्याला जोडणारा दांडा वाकतो, क्वचित मोडून बाहेर येतो. मग सारे इंजिन उघडावे लागते आणि महिन्याच्या कमाईचा मोठा वाटा त्यात जातो.

म्हणून बुडालेली गाडी प्रथम ढकलून उंच, मोकळ्या जागी आणावी आणि मुख्य स्टँडवर उभी करावी. चावी फिरवू नये. बॅटरीची आधी ऋण बाजूची तार सोडवावी, मग दुसरी. कारण ऋण बाजू गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते, आणि ती आधी सोडविली तर पाना कोठे टेकला तरी ठिणगी उडत नाही. पाणी केवळ चाकाच्या मध्यापर्यंतच आले असेल, तर बहुधा चिंतेचे कारण नाही. ते फिल्टरच्या पेटीपर्यंत पोहोचले असेल, तर पेटी उघडून पाणी काढावे, फिल्टर नवा आणावा, प्लग काढावा आणि चावी बंद असतानाच किक हाताने सावकाश दाबावी. आत पाणी असेल तर ते प्लगाच्या भोकातून पिचकारीसारखे उडेल. तोंड त्या बाजूला नेऊ नये. पाणी येणे थांबले की चमचाभर इंजिन तेल त्या भोकातून सोडून पुन्हा दोन-चारदा किक हाताने फिरवावी.

त्यानंतर तेल मोजण्याची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ, चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. ते सगळे काढून नवे भरावे आणि गाडी थोडी चालल्यावर तेही बदलावे. दुसऱ्यांदा तेल बदलणे अनेकांच्या जिवावर येते, परंतु पहिल्या तेलाने आतले राहिलेले पाणी उचललेले असते. टाकीत पाणी गेले असेल तर ते जड असल्याने तळाशी बसते. हल्ली पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाण्याकडे धाव घेते आणि दोघांचा मिळून तळाशी वेगळा थर होतो, आणि नेमका तोच थर आधी इंजिनकडे जातो. तेव्हा वरचे पेट्रोल चांगले दिसते म्हणून समाधान मानू नये. टाकी रिकामी करून घ्यावी.

हे काम त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी व्हावे. मेकॅनिकला वेळ नाही म्हणून आठवडाभर गाडी तशीच ठेवली, तर पाणी आतल्या आत लोखंडाला गंज चढविते आणि मग न मारलेली किकही वाचवू शकत नाही. पुरानंतरच्या दिवसांत गॅरेजांपुढे रांगा लागतात. निदान प्लग काढून, पाणी उडवून, तेल सोडून ठेवलेली गाडी त्या रांगेत थांबू शकते. पूर्ण विमा असेल तर गाडीला हात लावण्यापूर्वी छायाचित्रे घेऊन विमा कंपनीला कळवावे. पाण्यानंतर इंजिन सुरू करून झालेली मोडतोड साध्या विम्यात बहुधा बसत नाही, आणि केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर स्वतःच्या गाडीचे काहीच मिळत नाही.

दोन गोष्टी मात्र कितीही निकड असली तरी खोलीत करू नयेत. दहा बाय दहाच्या खोलीत शेगडीही असते आणि देवापुढचा दिवाही. तेथे टाकी अथवा कार्ब्युरेटर उघडला तर पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीपाशीही पेटते. तसेच बंद जागेत इंजिन चालू ठेवून कान लावून ऐकत बसू नये. त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो. कितीही पाऊस असो, हे काम ओट्यावर, छपराखाली, उघड्या हवेत करावे.

गाडी सुरू झाल्यावरही काही खोडी उरतात. इंजिन गरजते पण गाडी हलत नाही, असे झाले तर पट्ट्याच्या पेटीत पाणी जाऊन पट्टा घसरतो आहे असे समजावे. ती पेटी उघडून वाळविणे आणि मागच्या चाकाजवळचे गिअरचे तेल पाहणे हे मेकॅनिकचे काम आहे. ब्रेक ओले असताना धरीत नाहीत. रिकाम्या रस्त्यावर मंद गतीने जाताना ते हलके दाबून धरले की उष्णतेने वाळतात. आणि विजेवर चालणारी स्कूटर बुडाली असेल तर वरीलपैकी काहीही तिला लागू नाही. तिची बॅटरी उघडू नये, पुसून चार्जिंगला लावू नये, गाडी घरापासून व जिन्यापासून दूर उभी करून कंपनीच्या माणसाला बोलवावे. पाणी शिरलेली बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते.