हार्लेमचा पाद्री सिटी कौन्सिलमध्ये

1941 च्या वसंतात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतली माणसं बसमध्ये चढेनाशी झाली. इथल्या बस कृष्णवर्णीय प्रवाशांनी भरायच्या, पण स्टिअरिंगवर कृष्णवर्णीय चालक दिसत नसे. बहिष्काराच्या पुढाऱ्यांत होते 32 वर्षांचे पाद्री ॲडम क्लेटन पॉवेल. सुमारे महिनाभरात कंपन्या नमल्या आणि कृष्णवर्णीय चालक व मेकॅनिक घेण्याचा करार झाला.

138 व्या रस्त्यावरच्या ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चची धुरा पॉवेल यांनी 1937 मध्ये वडिलांकडून घेतली. त्याआधी मंदीच्या वर्षांत याच चर्चच्या अन्नछत्राचं काम त्यांनी पाहिलं होतं. पण रोज जेवू घातल्यानं बेकारी हटत नाही. 125 व्या रस्त्यावरच्या दुकानदारांना कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांचा पैसा चाले, गल्ल्यामागे मात्र कृष्णवर्णीय माणूस चालत नसे. जिथे नोकरी नाही तिथे खरेदीही नाही, अशी मोहीम हार्लेममध्ये उभी राहिली आणि पॉवेल तिच्यात उतरले. हजारो सभासदांचं चर्च पाठीशी असल्यानं निदर्शनांना माणसं कमी पडत नसत. त्यांचं खरं बळ हेच होतं.

बस बहिष्काराच्याच वर्षी, 1941 मध्ये, त्यांनी सिटी कौन्सिलची निवडणूक लढवली. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देत, आपल्याकडे राज्यसभेसाठी आमदार देतात तसा. त्यामुळे संख्येनं कमी असलेल्या समाजालाही आपला माणूस निवडून आणता येई. पॉवेल यांना 65,736 मतं मिळाली आणि न्यूयॉर्कच्या सिटी कौन्सिलला पहिला कृष्णवर्णीय सदस्य लाभला.

1942 मध्ये त्यांनी 'पीपल्स व्हॉइस' हे साप्ताहिक काढलं. शहराच्या महाविद्यालयांत कृष्णवर्णीय प्राध्यापक का नाहीत, हा प्रश्न त्यांनी कौन्सिलमध्ये लावून धरला. 1944 मध्ये ते अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले.

पुढची कारकीर्द वादळी ठरली. निधीच्या गैरवापराच्या आरोपांवरून 1967 मध्ये प्रतिनिधिगृहानं त्यांना सदस्यत्व नाकारलं. ते घटनाबाह्य असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 1969 मध्ये दिला. हे वाद इतके गाजले की बसच्या आणि दुकानांच्या लढ्यांची आठवण मागे पडली. पॉवेल यांचं मोठेपण मात्र त्या लढ्यांतच आहे.

पसंतीक्रमाची ती मतदानपद्धत न्यूयॉर्ककरांनी 1947 च्या सार्वमतात रद्द केली. शहराचं त्यात नुकसानच झालं.