सौम्य हिवाळारंभ आणि सरोवर-प्रभावी हिमवृष्टी : एक भौगोलिक विवेचन

प्रस्तावना :
उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांचा अभ्यास आपल्याकडे प्रामुख्याने जलवाहतूक, लोहखनिज आणि औद्योगिक पट्टा या संदर्भात केला जातो. त्या प्रदेशाच्या हवामानावरील सरोवरांचा प्रभाव मात्र अध्यापनात बहुधा दुर्लक्षित राहतो. वर्गात एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास विचारले होते, "सर, पृथ्वी तापत असेल तर अमेरिकेत सात-सात फूट बर्फ कसे पडते?" प्रश्न वरवर साधा वाटला तरी त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्या उत्तराचा शोध हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सरोवर-प्रभावी हिमवृष्टीची प्रक्रिया :
पाण्याची विशिष्ट उष्णता हवेच्या सुमारे चौपट असते. त्यामुळे उन्हाळ्यात साठविलेली उष्णता सरोवरे सावकाश सोडतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सभोवतालची भूमी थंड झालेली असली तरी सरोवराचे पाणी तुलनेने उबदार असते. अशा वेळी कॅनडाकडून येणारी आर्क्टिक हवा या पाण्यावरून वाहू लागली की तिच्या खालच्या थरास उष्णता व बाष्प या दोहोंचा पुरवठा होतो. खालची हवा उबदार व हलकी आणि वरची थंड व जड, अशी अस्थिर अवस्था निर्माण होऊन हवा वर चढते, तिचे सांद्रीभवन होते आणि वाऱ्याच्या दिशेकडील किनाऱ्यावर हिमवृष्टी होते.

या प्रक्रियेसाठी सरोवराचे पृष्ठ आणि ८५० मिलिबार दाबाचा थर (समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटर) यांच्या तापमानात किमान १३ अंश सेल्सिअस फरक असावा, असा निकष हवामानतज्ज्ञ वापरतात. यामागील कारण सुबोध आहे. ईरी सरोवराचे पृष्ठ समुद्रसपाटीपासून सुमारे १७४ मीटर उंचीवर आहे. म्हणजे तेथून हा थर सुमारे १,३०० मीटर वर असतो. कोरडी हवा वर जाताना दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते. म्हणून १३ अंशांचा फरक असल्यास वर चढणाऱ्या हवेस अडथळा उरत नाही.

वाऱ्याची दिशाही तितकीच निर्णायक ठरते. ईरी सरोवर नैर्ऋत्य-ईशान्य असे सुमारे ३८८ किलोमीटर लांब पसरले आहे. वारा या लांबीच्या दिशेने वाहिला तर हवेचा पाण्याशी संपर्क दीर्घकाळ राहतो आणि पूर्व टोकावरील बफेलो शहराकडे हिमवृष्टीचा अरुंद पट्टा सरकतो. पट्टा किती अरुंद असावा? नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडील उपनगरांत ५ फुटांहून अधिक बर्फ साचले असता शहराच्या उत्तर भागात केवळ काही इंच पडले होते.

सौम्य हिवाळारंभाचा अर्थ :
आता मूळ मुद्द्याकडे वळू. हिवाळ्याचा आरंभ उबदार गेला म्हणजे हिमवृष्टीचे संकट टळले, असा समज सहज होतो. वस्तुतः उबदार नोव्हेंबर हा सरोवराची उष्णता शिल्लक ठेवतो. सन २००१ चे उदाहरण येथे बोलके आहे. त्या वर्षी बफेलो येथे नोव्हेंबर असामान्य उबदार गेला आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उल्लेखनीय बर्फ पडलेच नाही. त्यानंतर २४ ते २८ डिसेंबर या पाच दिवसांत सुमारे ८२ इंच, म्हणजे २ मीटरहून अधिक हिमवृष्टी झाली. नोव्हेंबर २०२२ चा पहिला आठवडाही उबदार होता. त्याच महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात हॅम्बर्ग व ऑर्चर्ड पार्क परिसरात ६ फुटांहून अधिक बर्फ पडले.

तथापि, सौम्य हवामान हेच हिमवृष्टीचे कारण होय, असे म्हणणेही चुकीचे ठरेल. उबदार पाणी हे केवळ भांडवल आहे. आर्क्टिक हवेचा लोट आल्याखेरीज ते खर्ची पडत नाही. असा लोट आलाच नाही तर संपूर्ण हिवाळा कोरडा अथवा पावसाळी जाऊ शकतो.

हिमाच्छादन आणि दीर्घकालीन बदल :
ईरी हे पंचमहासरोवरांपैकी सर्वांत उथळ (सरासरी खोली सुमारे १९ मीटर) असल्याने ते लवकर गोठते. पृष्ठ गोठले की बाष्पपुरवठा जवळजवळ थांबतो. ऑन्टॅरिओची सरासरी खोली सुमारे ८६ मीटर असल्याने ते क्वचितच पूर्ण गोठते. म्हणूनच त्याच्या पूर्वेकडील टग हिल पठारावर फेब्रुवारी २००७ मध्येही प्रचंड हिमवृष्टी होऊ शकली. हिवाळा सौम्य असल्यास गोठण्याची क्रिया लांबते आणि धोक्याचा कालावधी वाढतो. २०१३-१४ च्या हिवाळ्यात पंचमहासरोवरांचे कमाल हिमाच्छादन ९० टक्क्यांहून अधिक होते. २०२३-२४ मध्ये ते सुमारे १६ टक्केच राहिले.

विसाव्या शतकात सरोवर-प्रभावी हिमवृष्टीत वाढ झाल्याचे २००३ मध्ये 'जर्नल ऑफ क्लायमेट'मधील एका शोधनिबंधाने दाखविले व तिचा संबंध उबदार पाण्याशी जोडला. मात्र तापमानवाढ पुढे चालू राहिल्यास हवाच पुरेशी थंड राहणार नाही आणि हिमाऐवजी पाऊस पडू लागेल, हेही तितकेच संभवते.

समारोप :
या विवेचनाचे महत्त्व केवळ सैद्धांतिक नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये बफेलोतील झाडांवर अजून पाने असताना सुमारे २ फूट ओले बर्फ पडले. फांद्या मोडून वीजतारा तुटल्या व लाखो लोक अंधारात राहिले. डिसेंबर २०२२ च्या हिमवादळात त्या परिसरातील चाळीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले; काहींना बर्फात अडकलेल्या मोटारींतच मृत्यू आला. सौम्य आरंभ हा निर्धास्त होण्याचा नव्हे, तर सिद्धतेचा काळ असतो. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे : तापलेले पाणी आणि अचानक आलेली थंड हवा यांच्या भेटीतूनच हे बर्फ जन्माला येते. सरासरी तापमान आणि एखाद्या आठवड्याचे हवामान यांतील हा भेद आपण अध्यापकांनी आवर्जून स्पष्ट करावयास हवा.