ताश्कंदची चिठ्ठी : बहोदिर-अका

ताश्कंदच्या चोर्सू बाजारात तांदळाची पोती दिसली, की धानपट्ट्यातल्या ब्रह्मपुरीच्या माणसाचा हात आपसूक पोत्यात जातो. फरगाण्याचा देवझिरा तांदूळ गुलाबीसर आणि जाड. बोटांना त्याची भुकटी लागते. पुलावासाठी हा खास. तिथे मागून हाक ऐकू येते, ‘बहोदिर-अका!’ अका म्हणजे थोरला भाऊ. आपण नावापुढे ‘भाऊ’ लावतो, तसेच. आणि बहोदिर म्हणजे आपला बहादूर. ताजिक त्याला बहोदुर म्हणतात.

नावाचे मूळ तुर्क-मंगोलांच्या गवताळ मुलखातले : बगातुर, म्हणजे वीर. चंगीझखानाचे वडील येसुगेई बगातुर म्हणवत. उलानबातरमधला ‘बातर’ आणि रशियन वीरकथांतला ‘बोगातिर’ त्याच कुळातले. फारसीने त्याचा बहादूर केला, मोगल दरबारात तो किताब झाला. छत्रपती राजारामांनी विठोजी चव्हाणांना ‘हिंमतबहादूर’ केले. इंग्रजांनी तर रावबहादूर, खानबहादूर वाटलेच. नागपूरची एलआयटी ही तंत्रज्ञान संस्था ज्यांच्या देणगीतून उभी राहिली, ते कामठीचे डी. लक्ष्मीनारायण रावबहादूरच होते.

मला मात्र इथली रीत जास्त भावते. किताबासाठी दरबाराची मर्जी लागते. इथे आईबापच तो तान्ह्या लेकराला देऊन टाकतात. कानात अजान देऊन नाव सांगतात. आपल्याकडे आत्या कानात कुर्रर्र करते, त्याची हटकून आठवण येते. पुढे बाळाला पाळण्यात घालायचा सोहळा, बेशिक-तोय, तोही थाटात होतो.

बापाचे नाव पोराच्या नावामागे इथेही चालते. सोव्हिएत काळात कागदोपत्री ते ‘बहोदिरोविच’ झाले होते. आता पुष्कळ जण ‘बहोदिर ओग्ली’, म्हणजे बहोदिरचा मुलगा, असे लिहितात. मुलगी असेल तर ‘बहोदिर किझी’.

शहरात लालबहादूर शास्त्रींच्या नावाचा रस्ता आहे, पुतळाही आहे. १० जानेवारी १९६६ला त्यांनी इथे पाकिस्तानशी करार केला आणि त्याच रात्री, ११ तारीख लागल्यावर, ते गेले. त्यांचे नाव उझबेक माणसाला परके वाटत नाही. उझबेक भाषेत ‘लाल’ म्हणजे माणिक, आणि बहोदिर तर घरोघरचा. समजावून सांगावे लागते ते ‘शास्त्री’. ती काशी विद्यापीठाची पदवी; जातीचे आडनाव सोडलेल्या माणसाने अभ्यास करून मिळवलेली.