दोरावरचा दम

पावसाळा सरला की मालवणच्या किनाऱ्यावर रापण लागते. होडी जाळं सोडत समुद्रात मोठा वळसा घेऊन परत काठाला येते, आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं मागे रेलतात. पहिल्या हिसक्यापासून जाळं वाळूवर येईपर्यंत त्या दंडांतलं इंधन किमान तीनदा बदललेलं असतं.

पहिला हिसका एटीपीचा. स्नायूला खर्च करता येणारं नाणं तेच, पण साठा जेमतेम दोन-तीन सेकंदांचा. तो संपता संपता क्रिएटिन फॉस्फेट धावून येतं आणि आणखी आठ-दहा सेकंद निभावतात. हे दोन्ही पदार्थ शोधण्यात आपल्या भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा हात आहे. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासोबत त्यांनी १९२७ साली क्रिएटिन फॉस्फेट आणि १९२९ साली एटीपी वेगळा केला. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनाही एटीपी सापडला. सुब्बारावांचं नाव आपल्याकडे घरोघरी असायला हवं होतं.

पुढची ओढ सकाळच्या पेजेवर चालते. उकड्या तांदळातल्या पिष्टाचं ग्लुकोज होतं. पेशीत त्या सहा कार्बनांच्या रेणूचे दोन तुकडे पडतात आणि हाती लागतात फक्त दोन एटीपी. हे काम प्राणवायूवाचून होतं, झपाट्याने होतं, पण बहुतेक ऊर्जा तुकड्यांतच राहते. माडाला लावलेल्या मडक्यातही हेच घडतं. यीस्ट गोड रसातली साखर अर्धवट वापरून मद्य मागे टाकतं, आणि ते मद्य पेट घेतं, इतकी ऊर्जा त्यात उरलेली असते. नीरा गोड राहावी म्हणून मडक्याला आतून चुना लावतात, तो या यीस्टला रोखण्यासाठी.

धाप लागते तेव्हा खरा कारभार पेशीतल्या तंतुकणिकांत सुरू झालेला असतो. तिथे ग्लुकोजचे तुकडे पार सुटे होतात. त्यांचा कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे रापणकराच्या नाकातोंडातून पेजच बाहेर पडत असते! सुटलेले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकतात आणि त्या जोरावर प्रोटॉन आतल्या पडद्यापलीकडे उपसले जातात. ते परत आत येताना एक इवलंसं चाक फिरवतात, वाडीतल्या रहाटासारखं, पण सेकंदाला शंभराहून अधिक फेरे घेणारं. प्रत्येक फेऱ्याला तीन एटीपी. प्रोटॉनांच्या या उपशाची कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली तेव्हा फारसं कुणाला पटलं नव्हतं. १९७८ साली त्यांना नोबेल मिळालं. प्राणवायूचं काम अगदी शेवटी येतं. थकलेले इलेक्ट्रॉन पदरात घेऊन तो पाणी होतो. तो नसेल तर सगळी रांग तुंबते. एका ग्लुकोजमागे मिळतात सुमारे ३० ते ३२ एटीपी.

दुसऱ्या दिवशी दंड ठणकतात त्याचा दोष ग्लुकोजच्या अर्धवट वापरलेल्या तुकड्यांपासून होणाऱ्या लॅक्टिक आम्लाला देतात. तो खोटा आहे. ते तासा-दोन तासांत रक्तातून निघून जातं, हृदय ते इंधन म्हणून वापरतं, यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं. ठणका असतो तो स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजांचा.

आणि जाळ्यात येतो बांगडा. तोंड उघडून, प्लवक गाळत, थव्याने पोहत राहणारा. सरंग्याचं मांस पांढरं. बांगड्याच्या कातडीखाली मात्र दोन्ही कुशींना गडद तांबूस पट्टी असते. ती न थकता पोहण्यासाठी आहे. प्राणवायू धरून ठेवणाऱ्या मायोग्लोबिनने लाल झालेली आणि तंतुकणिकांनी खच्चून भरलेली. दोराच्या दोन्ही बाजूंना तोच रहाट फिरत असतो. पुष्कळ जण जेवताना ही गडद पट्टी ताटाच्या कडेला सारतात. मी ती आधी खातो.