सुरी लावण्याआधीची दहा मिनिटं

लिग्नोकेनची बाटली दातांच्या कुठल्याही दवाखान्यात सापडते. दाढ काढण्याआधी हिरडीत टोचतात ते हेच. बोटाला टाके घालायचे असले तरी हेच. जुनं, स्वस्त, पेटंट केव्हाच संपलेलं औषध. कुठलीही कंपनी त्याच्यासाठी नवी चाचणी करायच्या भानगडीत पडणार नाही. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या सर्जननी मात्र ते एका वेगळ्याच ठिकाणी टोचून पाहिलं. ज्या बाईला शस्त्रक्रियेसाठी आधीच पूर्ण भूल दिलेली आहे, तिच्या स्तनातल्या गाठीभोवती.

भूल दिलेल्या बाईची तेवढी जागा पुन्हा बधिर कशाला करायची? तर वेदनेचा इथे संबंधच नाही. ०.५ टक्के तीव्रतेचं लिग्नोकेन गाठीच्या वरून, खालून, चहूबाजूंनी सोडायचं. सात ते दहा मिनिटं थांबायचं. मग सुरी लावायची. बाकी केमो, रेडिएशन, हार्मोनच्या गोळ्या जसं व्हायचं तसंच. यामागचा तर्क असा: शस्त्रक्रियेत गाठ हाताळली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटत जातो आणि ती निघेपर्यंतच्या त्या थोड्या वेळात काही पेशी बिथरून रक्तात निसटत असाव्यात. लिग्नोकेन मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग बंद करतं, म्हणून आपल्याला दुखत नाही. तसलेच मार्ग कर्करोगाच्या पेशींवरही असतात आणि त्यांच्या हालचालीशी त्यांचा संबंध असल्याचं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. ते आधीच बंद केले तर?

डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २०११च्या डिसेंबरात ही चाचणी सुरू केली. भारतातली ११ केंद्रं, १,६०० बायका. कोणाला इंजेक्शन द्यायचं आणि कोणाला नाही हे डॉक्टरने ठरवायचं नाही, बाईनेही नाही. संगणक काढेल ती चिठ्ठी. निष्कर्ष २०२२च्या सप्टेंबरात पॅरिसच्या परिषदेत मांडले गेले आणि पुढच्या वर्षी छापून आले. पाच वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के बायका हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के. रोग न उलटता राहिलेल्यांचं प्रमाण ८६.६ विरुद्ध ८२.६. शंभर बायकांमागे साधारण चौघींचा फरक. वाचणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण लाखो रुपयांच्या औषधांचे फायदेही पुष्कळदा याच मापात मोजावे लागतात, आणि इथे खर्च आहे एका इंजेक्शनचा आणि दहा मिनिटांचा.

शंका घेणाऱ्यांनी शंका घेतल्या, आणि त्या रास्त आहेत. ज्यांना लिग्नोकेन दिलं नाही त्यांना नुसतं सलाइनही टोचलेलं नव्हतं. मग फायदा औषधाचा, की टोचण्याचा? दुसऱ्या देशात, दुसऱ्या हातांनी हेच करून पाहिल्यावर हाच आकडा येईल का? माझ्या मते अशी चाचणी पुन्हा व्हायला हवी. अडचण एवढीच की तिचा खर्च उचलायला पुढे कोण येणार. ज्या औषधातून कोणाचाच नफा होणार नाही, त्याच्यासाठी दहा वर्षं पैसे ओतणारी संस्था विरळाच.

टाटा मेमोरियल तशी संस्था कशी झाली, याचं थोडं उत्तर तिच्या जन्मात आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने उभारलेलं हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे. कर्करोगाचं रुग्णालय अणुभट्ट्यांच्या खात्याखाली, हे नवख्याला विचित्र वाटतं. पण रेडिएशनशी असलेलं नातं, आणि ‘प्रयोग’ या शब्दाचं भय नसलेलं खातं, असे दोन्ही लाभ रुग्णालयाला मिळाले असावेत. गोमंतकीय वंशाचे सर्जन डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांनी इथे मोठं काम केलं. रुग्णालयासमोरच्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे. देशभरातून आलेली माणसं फाइल छातीशी धरून त्याच रस्त्यावर, फुटपाथवर बसलेली दिसतात. ही गर्दी एका अर्थाने संशोधनाची सामग्री आहे, असं म्हणताना जीभ अडखळते. पण तसं आहे खरं. इतके रुग्ण आणि इतकी निकड एकाच ठिकाणी असल्यामुळेच तिथले प्रश्न वेगळे पडतात.

त्यातला मला सगळ्यात धाडसी वाटणारा प्रश्न शस्त्रक्रिया न करण्याचा होता. आपल्याकडे पुष्कळ बायका डॉक्टरकडे पोचतात तेव्हा रोग हाडांत, यकृतात, फुप्फुसात गेलेला असतो. स्तनातली गाठ दिसते, हाताला लागते, कधी चिघळलेली असते. घरचे म्हणतात, डॉक्टर, एकदाची काढून टाका. सर्जनचाही हात शिवशिवतो. जुन्या नोंदी चाळल्या तर ज्यांची गाठ काढली त्या जास्त जगल्या असंही दिसत होतं. पण त्या नोंदींत एक खोट होती: सर्जन ऑपरेशनला घेणार ते धडधाकट, रोग कमी पसरलेल्या रुग्णालाच. म्हणजे जास्त जगणारी बाई आधीच वेगळी काढलेली.

मग टाटात चिठ्ठी टाकली गेली. फेब्रुवारी २००५ ते जानेवारी २०१३ या काळात ३५० बायका. आधीच्या औषधोपचाराला प्रतिसाद दिलेल्या. १७३ जणींच्या गाठीवर शस्त्रक्रिया आणि रेडिएशन, १७७ जणींच्या गाठीला हात लावायचा नाही. ‘द लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त २०१५ मध्ये उत्तर छापून आलं. आयुष्याचा मध्यांक शस्त्रक्रिया झालेल्यांचा १९.२ महिने, न झालेल्यांचा २०.५ महिने. दोन वर्षांनी हयात असलेल्या ४१.९ टक्के आणि ४३ टक्के. फरक नाही. उलट, ज्यांची गाठ काढली त्यांचा दूरचा रोग लवकर वाढलेला दिसला. तुर्कस्तानातल्या एका चाचणीने दीर्घकाळात शस्त्रक्रियेच्या बाजूने कौल दिला, तर अमेरिकेतल्या चाचणीने परळचंच म्हणणं उचलून धरलं. गाठीतून रक्त येत असेल, ती चिघळली असेल तर ती काढावी लागतेच, तो प्रश्न निराळा. पण आयुष्य वाढेल या आशेवर कर्ज काढून, मंगळसूत्र गहाण टाकून केलं जाणारं ऑपरेशन टळू शकतं, हे या ‘नाही’ने सांगितलं. नव्या औषधाच्या बातम्यांना मथळे मिळतात, अशा नकाराला क्वचितच.

शस्त्रक्रियेच्या आगेमागेच्या काही तासांत पुढल्या कित्येक वर्षांचं भवितव्य ठरत असावं, हा बडव्यांचा ध्यास मात्र लिग्नोकेनच्या खूप आधीचा. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या २४९ बायकांच्या नोंदी तपासून त्यांनी आणि तिथल्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये लिहिलं होतं की मासिक पाळीच्या कुठल्या दिवसांत शस्त्रक्रिया झाली याचा जगण्याशी संबंध दिसतो. पाळीच्या ३ ते १२ या दिवसांत ऑपरेशन झालेल्यांपैकी दहा वर्षांनी ५४ टक्के हयात, इतर दिवसांत झालेल्यांपैकी ८४ टक्के. खळबळ उडाली, इतरांनी तपासलं तेव्हा कोणाला तसं दिसलं, कोणाला नाही. मग मुंबईत त्यावर चिठ्ठी टाकून उत्तर शोधलं गेलं. हजार बायका, त्यांतल्या निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं, म्हणजे पाळीच्या उत्तरार्धात वाढणाऱ्या हार्मोनचं, एक इंजेक्शन. २०११ मध्ये निकाल आला तो धड हो नाही, धड नाही नाही. एकंदरीत फरक सिद्ध झाला नाही. ज्यांच्या काखेतल्या ग्रंथींत रोग पोचला होता अशा ४७१ जणींत मात्र इंजेक्शनचा फायदा दिसला. मुख्य प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं असताना एखाद्या गटातल्या ‘हो’वर किती विसंबायचं, यावर संख्याशास्त्रज्ञ कपाळाला आठ्या घालतात, आणि घालायलाच हव्यात.

या सगळ्यात वेळ कुठे जातो? टोचायला दहा मिनिटं, मोजायला दहा वर्षं. स्तनाचा कर्करोग पाच-सात वर्षांनीही उलटतो. तोवर रुग्ण गावी गेलेली, फोन नंबर बदललेला, कधी घरही बदललेलं. त्या लिग्नोकेनच्या अभ्यासात रोग उलटण्याच्या किंवा मृत्यूच्या २५५ घटना मोजल्या गेल्या: इंजेक्शनच्या बाजूला १०९, दुसऱ्या बाजूला १४६. अख्खा निष्कर्ष या दोन आकड्यांमधल्या अंतरावर उभा. दहा-वीस बायकांचा पत्ता लागला नसता तर तो डळमळला असता.

सगळ्यात लांबलेलं काम रुग्णालयाच्या भिंतींबाहेरचं आहे. डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ते सुरू केलं. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका, २० वस्त्या. मॅमोग्राफी नाही; प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी स्तनांची तपासणी करायची, अशा चार फेऱ्या. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये ‘बीएमजे’त आलेला निष्कर्ष असा: तपासणी झालेल्या वस्त्यांत रोग तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण ३७ टक्के, न झालेल्या वस्त्यांत ४७. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत फायदा नाही. याच प्रकल्पात गर्भाशयमुखाचीही तपासणी होती आणि तुलनेच्या वस्त्यांतल्या बायकांना केवळ माहिती देऊन सोडलं, यावर नैतिकतेचे कडक आक्षेप घेतले गेले. ते आक्षेप मला हलके वाटत नाहीत. पण त्या वस्त्यांनी वीस वर्षं दिलेलं उत्तर वापरलं गेलं नाही, तर तो त्याहून मोठा अपराध ठरेल.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने ३० ते ६५ वयाच्या बायकांची हाताने स्तनतपासणी करायचं धोरण आखलं, दर पाच वर्षांनी एकदा. चाचणीतलं अंतर दोन वर्षांचं होतं. आणि पाच वर्षांनी एकदा तरी होते का? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, तुमची स्तनतपासणी कधी झाली आहे का? हो म्हणणाऱ्या ०.९ टक्के निघाल्या.