डॉक्टरचा वेळ आणि रुग्णाचा दिवस

तालुक्याच्या गावी एखाद्या चालत्या दवाखान्यात सकाळी अकराच्या सुमारास डोकावले, तर एक दृश्य हमखास आढळते. डॉक्टरांच्या टेबलाभोवती एकाच वेळी चार-पाच रुग्ण असतात. एकाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळलेला, दुसरा तपासणीसाठी आडवा झालेला, तिसऱ्याची चिठ्ठी लिहिणे चाललेले. आणि चौथी एक बाई काही सांगू पाहते, पण मागे उभ्या असलेल्या परक्या पुरुषांकडे नजर जाताच ‘अंग दुखतंय’ एवढेच बोलून गप्प होते. कंपाउंडर दारातून पुढचा नंबर पुकारीतच असतो. या पद्धतीला कार्यक्षमता म्हणण्याचा प्रघात आहे. ही कार्यक्षमता कोणाच्या वेळेची, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

दोष एकट्या डॉक्टरचा आहे असे समजणे अन्यायाचे होईल. 2017 साली ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात 67 देशांतील प्राथमिक तपासणीच्या वेळेचा आढावा प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये एका रुग्णाच्या वाट्याला सरासरी साडेबावीस मिनिटे येत होती, तर बांगलादेशात 48 सेकंद. भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास होता. जेथे दोन मिनिटांचाच हिशेब आहे, तेथे रुग्णाने आत येणे, बसणे, सदऱ्याची बटणे सोडणे यांतच निम्मा वेळ सरतो. मग एकाची बटणे सुटेपर्यंत दुसऱ्याची नाडी पाहावी, असे डॉक्टरला वाटले तर नवल नाही.

रांगेचे गणित मात्र सामान्य समजुतीपेक्षा कठोर आहे. समजा, एक डॉक्टर तासाला सरासरी दहा रुग्ण तपासू शकतो आणि रुग्ण वेळ न ठरविता, मनास येईल तेव्हा येतात. तासाला आठ रुग्ण येऊ लागले, तर प्रत्येकाला सरासरी 24 मिनिटे तिष्ठावे लागते. आठाचे नऊ झाले की हीच प्रतीक्षा 54 मिनिटांवर जाते. रुग्ण वाढला एक, प्रतीक्षा झाली दुपटीहून अधिक! डॉक्टर क्षणभरही रिकामा राहू नये असा आग्रह धरला की रांग बेसुमार वाढते, आणि ती वाढलेली दिसली की माणसे अधिकाधिक संख्येने आत घेतली जातात. टेबलाभोवतीच्या गर्दीचा उगम येथे आहे.

नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञाने 1952 साली इंग्लंडमधील इस्पितळांच्या बाह्यरुग्ण विभागांसंबंधी नेमका हाच प्रश्न अभ्यासला. त्याने सुचविलेला तोडगा साधा होता. आरंभी दोन रुग्णांना बोलवावे आणि त्यानंतर तपासणीस लागणाऱ्या सरासरी वेळेच्या अंतराने एकेकाला. डॉक्टरचा खोळंबा फारसा होत नाही आणि रुग्णांचेही तास वाचतात. आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी ‘सकाळी नऊला या’ असे सर्वांनाच सांगितले जाते. डॉक्टरच्या वेळेला फी असते. रुग्णाच्या वेळेला किंमतच नाही असे गृहीत धरलेले असते. वस्तुतः रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचा दवाखान्याचा खर्च चिठ्ठीवरच्या रकमेत मावत नाही. तिची त्या दिवसाची मजुरी, एस.टी.चे भाडे आणि सोबत आलेल्या माणसाचा बुडालेला रोज हे सारे त्यात धरावे लागते. अर्थशास्त्र यालाच संधी-परिव्यय म्हणते. तो कोणत्याही वहीत मांडला जात नाही, म्हणून दिसत नाही इतकेच.

एकाच डॉक्टरने एकाच वेळी अनेकांना हाताळणे सर्वस्वी त्याज्य आहे काय? मदुराईचा दाखला पाहता तसे म्हणवत नाही. सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी 1976 मध्ये तेथे अवघ्या अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती, तरी त्याच बोटांनी ते मोतिबिंदू काढीत. तेथे एका शल्यचिकित्सकासाठी दोन टेबले मांडलेली असतात. एकावर शस्त्रक्रिया चालू असता दुसऱ्यावर पुढच्या रुग्णाची तयारी पुरी होते. पहिली संपली की सूक्ष्मदर्शक वळवायचा आणि पुढचे काम सुरू करायचे. ही तयारी करतात त्या खेड्यापाड्यांतून निवडून दोन वर्षे शिकविलेल्या मुली. या व्यवस्थेच्या बळावर रुग्णांच्या मोठ्या हिश्श्यावर फुकट वा अल्प दरात उपचार होऊ शकतात.

या व्यवस्थेचे मर्म कामाच्या विभागणीत आहे. टेबले दोन असली, तरी शल्यचिकित्सकाचे लक्ष कोणत्याही क्षणी एकाच डोळ्यावर असते. एकाच वेळी चालते ती दुसऱ्या रुग्णाची तयारी, शस्त्रक्रिया नव्हे. अमेरिकेत याच मुद्द्यावर मोठा वाद माजल्यानंतर 2016 साली तेथील शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयाने आपली तत्त्वे सुधारली आणि दोन शस्त्रक्रियांचे निर्णायक टप्पे एकाच शल्यचिकित्सकाने एकाच वेळी हाताळणे अनुचित ठरविले.

आपल्या दवाखान्यांत नेमके उलटे घडते. वजन, ताप, रक्तदाब, जुना केसपेपर शोधणे ही जी कामे दुसऱ्याने आधीच उरकावयास हवीत, ती डॉक्टरच्या टेबलावर होतात. आणि रुग्णाचे म्हणणे ऐकून घेणे, जे फक्त डॉक्टरनेच करावयाचे, ते चौघांत वाटले जाते. मोतिबिंदू चारचौघांदेखत सांगता येतो. अंगावरून जाणे, क्षयाची शंका, नवऱ्याची मारहाण या गोष्टी नाही सांगता येत. त्या बाईला अंगदुखीच्या गोळ्या मिळतात, आणि पंधरा दिवसांनी आणखी एक रोज बुडवून ती पुन्हा त्याच रांगेत येते. रांगेतील किती माणसे अशी दुसऱ्यांदा वा तिसऱ्यांदा आलेली असतात, याची मोजदाद दवाखान्यांनी एखादा महिना तरी करून पाहावी. त्यासाठी केसपेपरवर एक रकाना वाढवावा लागेल, आणि डॉक्टरांच्या खुर्चीशेजारी एक पडदा.