तुमच्या फोनच्या आत फुकटचं इंजिन! ते बनवणारे टोर्वाल्ड्स मोठ्या कंपन्यांबद्दल काय म्हणतात?

तुमच्या हातात अँड्रॉइड फोन असेल, तर एक काम करा. सेटिंगमध्ये जा, 'फोनबद्दल' उघडा आणि तिथे अँड्रॉइड आवृत्तीवर दाबा. खाली 'कर्नल आवृत्ती' असं लिहिलेलं सापडेल आणि त्यापुढे एक आकडा असेल. हा आकडा लिनक्सचा आहे. फोन कोणत्याही कंपनीचा असो, आतलं इंजिन तेच.

हे इंजिन सुरू केलं फिनलंडच्या एका विद्यार्थ्याने. नाव लिनस टोर्वाल्ड्स. १९९१ साली हेलसिंकीत शिकत असताना त्यांनी ते छंद म्हणून लिहायला घेतलं. आज जगातले सर्वांत वेगवान ५०० संगणक याच लिनक्सवर चालतात. टोर्वाल्ड्स फटकळ बोलण्यासाठी प्रसिद्ध आहेत. पण त्यांच्या मतांचा थेट परिणाम आपल्या खिशातल्या फोनवर झालाय, म्हणून ती समजून घ्यायला हवीत.

फुकट म्हणजे नेमकं काय?

१९९२ मध्ये टोर्वाल्ड्स यांनी लिनक्सला 'जीपीएल' नावाचा परवाना लावला. शेतीच्या भाषेत सांगायचं तर हे घरच्या बियाण्यासारखं आहे. बी घ्या, पेरा, सुधारा, शेजाऱ्याला द्या, विकलं तरी चालेल. अट एकच. सुधारलेलं वाण दुसऱ्याला दिलं, तर त्याचं बीही द्यायचं, दडवून ठेवायचं नाही. कंपनीचं पाकीट दरवर्षी विकत घ्यावं लागतं, तसं इथे नाही.

मोठ्या कंपन्यांना हे सुरुवातीला रुचलं नाही. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सला चक्क कॅन्सरची उपमा दिली होती. तीच मायक्रोसॉफ्ट २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनची सदस्य झाली. आज लिनक्समध्ये भर घालणारे बरेचसे प्रोग्रामर इंटेल, गुगल, रेड हॅट अशा कंपन्यांच्या पगारावर आहेत.

ऐन सुगीत मळणी यंत्र गेलं

हजारो माणसं एकच प्रोग्राम लिहितात, तेव्हा कुणी कधी काय बदललं याची नोंद लागते. त्यासाठी टोर्वाल्ड्स २००२ पासून 'बिटकीपर' नावाचं एका खासगी कंपनीचं साधन वापरत होते. मालकी कंपनीची, वापर फुकट. सहकाऱ्यांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता. टोर्वाल्ड्स यांचं म्हणणं होतं, काम चांगलं होतंय ना, मग झालं.

२००५ मध्ये वाद झाला आणि कंपनीने फुकट वापर बंद केला. ऐन सुगीत मालकाने मळणी यंत्र उचलून न्यावं, तशी गत झाली. टोर्वाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्सचं काम बाजूला ठेवलं आणि काही दिवसांतच स्वतःचं साधन उभं केलं. त्याचं नाव 'गिट'.

गिटची खुबी अशी की दप्तर एकाच कचेरीत नसतं. काम करणाऱ्या प्रत्येकाकडे संपूर्ण दप्तराची नक्कल असते. एकाने दार बंद केलं तरी काम अडत नाही. आज जगभरातले बहुतेक प्रोग्रामर गिट वापरतात.

यातही एक गंमत झाली. गिटवरचं काम ठेवण्यासाठी 'गिटहब' नावाची वेबसाइट निघाली आणि सगळी गर्दी तिथेच गोळा झाली. २०१८ मध्ये ती मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. म्हणजे साधन सगळ्यांचं, पण बाजारपेठ एका कंपनीची. टोर्वाल्ड्स लिनक्सची प्रत गिटहबवर ठेवतात, पण लोकांनी सुचवलेले बदल तिथून घेत नाहीत. तिथली पद्धत आपल्याला पटत नाही, हे त्यांनी २०१२ मध्येच सांगून टाकलं होतं.

मग आपला फोन कुलूपबंद का?

इथेच टोर्वाल्ड्स यांच्या एका मताची झळ आपल्याला लागते. २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली. ग्राहकाला घरगुती उपकरणातला प्रोग्राम बदलता आला पाहिजे, कंपनीने तिथे कुलूप लावायचं नाही, अशी अट तिच्यात होती. टोर्वाल्ड्स यांनी ती नाकारली. बदललेला प्रोग्राम दाखवा एवढंच माझं मागणं, यंत्र कसं विकायचं ते तुमचं तुम्ही बघा, असा त्यांचा पवित्रा. लिनक्स आजही दुसऱ्याच आवृत्तीवर आहे.

परिणाम असा, की बी खुलं आहे, पण शेताला कुंपण घालायची कंपनीला मुभा आहे. सुरक्षेची दुरुस्ती लिनक्समध्ये झाली, तरी ती चिप बनवणाऱ्याकडून आणि फोन कंपनीकडून आपल्यापर्यंत यावी लागते. कंपनीने हात वर केले, की चांगला चालणारा फोनही असुरक्षित होतो.

दुसरं कुंपण प्ले स्टोअरचं. अँड्रॉइडचा मूळ भाग खुला आहे, पण प्ले स्टोअर, जीमेल, यूट्यूब गुगलच्या मालकीचे. प्ले स्टोअर हवं तर गुगलची बाकीची ॲपही फोनमध्ये आधीच टाका, अशी सक्ती फोन कंपन्यांवर होती. त्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही आदेश रद्द केले, दंड मात्र कायम ठेवला.

आपण काय करायचं?

प्रोग्रामर नसलेल्यालाही दोन गोष्टी जमतील. एक, सेटिंगमध्ये 'सुरक्षा अपडेट'ची तारीख बघा. ती वर्षभरापेक्षा जुनी असेल आणि नवं अपडेट येत नसेल, तर त्या फोनवरून पैशाचे व्यवहार टाळलेले बरे. दोन, नवा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारतोच आपण. सोबत दुकानदाराला हेही विचारा, सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार? त्याने उत्तर टाळलं, तर कंपनीच्या वेबसाइटवर बघून मगच पैसे द्या.